सरांना कोणी वाचलं?

पदोन्नतीच्या अर्जात तो रकाना आधी नव्हता. 'प्रकाशित लेखनाची एकूण सायटेशन्स आणि एच-इंडेक्स, ग्रंथपालांच्या सहीनिशी.' सायटेशन म्हणजे आपल्या लेखनाचा दुसऱ्याने दिलेला संदर्भ, आणि एच-इंडेक्स म्हणजे त्या संदर्भांवरून काढलेला एक आकडा. युजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, २०१८ची नियमावली मला जवळजवळ पाठ आहे, कारण दर वर्षी कुणा ना कुणाची फाईल माझ्या टेबलावर येते. कॉलेजात असोसिएट प्रोफेसरला प्रोफेसर व्हायचं तर किमान १० शोधनिबंध आणि ११० संशोधन-गुण लागतात. विज्ञानाच्या निबंधाला ८ गुण, भाषा आणि मानव्यविद्यांच्या निबंधाला १०. नियतकालिकाला इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या लेखांना मिळालेल्या संदर्भांचा सरासरी आकडा, असला तर गुण वाढतात. सायटेशनला वेगळे गुण त्यात कुठंच नाहीत. पण छाननी समितीने स्वतःचा एक नमुना बनवला होता आणि त्यात हा रकाना घातला होता. सही ग्रंथपालाची, म्हणजे माझी.

अर्ज होता बेळगावच्या आमच्या कॉलेजातल्या, मराठी विभागातल्या सरांचा. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेत चौंडकं या तंतुवाद्यावर जी गाणी म्हणतात, त्यांत एक ओळ मराठी आणि पुढची कानडी असं सहज चालतं. ऐकणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, म्हणणाऱ्याला तर नाहीच. सर तरुणपणापासून ही गाणी आणि खानापूर, चंदगड, निपाणीकडच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करत आलेत. त्यांचं लिखाण पुण्या-कोल्हापूरच्या त्रैमासिकांत विखुरलेलं आहे. एक पुस्तक आहे, ते आता मिळत नाही.

"मॅडम, शून्य लिहा आणि मोकळ्या व्हा," सर म्हणाले. "मराठीत कोण कुणाला वाचतंय?"

मला ते पटलं नाही. शून्य लिहायचं म्हणजे मी शोधलं आणि काही सापडलं नाही, असं सही करून सांगायचं. मी तर अजून शोधलंच नव्हतं.

पहिल्यांदा नेहमीच्या वाटेने गेले. कुणी कुणाचा संदर्भ दिला याची नोंद ठेवणाऱ्या डेटाबेसांत स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स ही दोन मोठी नावं. आमच्यासारख्या अनुदानित कॉलेजला इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्टमधून ई-जर्नल्स मिळतात, पण हे दोन डेटाबेस त्यात येत नाहीत. म्हणून ओळखीच्या एका ग्रंथपालांकडे बसून शोधलं. फार काही मिळेल अशी अपेक्षाच नव्हती. स्कोपसमध्ये यायचं तर लेखाचं शीर्षक आणि सारांश इंग्रजीत लागतो आणि संदर्भयादी रोमन लिपीत. मराठी त्रैमासिकाचा संपादक एकवेळ सारांश इंग्रजीत लिहून घेईल. पण 'नवभारत'मधल्या जुन्या लेखाचा संदर्भ रोमन लिपीत लिहायचा कुणी, आणि कुणासाठी?

मग गूगल स्कॉलर. तो वेबवर जे दिसेल ते वाचतो, म्हणून आशा होती. इथं आडनाव आडवं आलं. सरांचं आडनाव असं, की खडेबाजारात हाक मारली तर दहा जण वळून बघतील. रोमन आद्याक्षरांनी शोधलं तर उसावरच्या रोगांपासून हाडांच्या शस्त्रक्रियेपर्यंत सगळं 'सरांच्या' नावावर. पत्त्यावरून गाळावं म्हटलं तर तेही जमेना. २०१० पर्यंत आमची कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली, त्यानंतर राणी चन्नम्मा विद्यापीठाला. १ नोव्हेंबर २०१४पासून इंग्रजीत शहराचं नावच बदललं, 'बेलगाम'चं 'बेळगावी' झालं. माणूस एकाच खुर्चीत बसलेला आणि कागदोपत्री त्याचे पत्ते तीन. नावांच्या या गोंधळावर उपाय म्हणून २०१२ मध्ये ओरसिड, म्हणजे प्रत्येक संशोधकाला त्याचा स्वतःचा क्रमांक, सुरू झालं. सरांनी ते काढलंय, पण तोवर त्यांचं निम्म्याहून जास्त लिखाण छापून झालं होतं.

देवनागरीतून शोधलं तर वेगळीच अडचण. सौंदत्ती, सवदत्ती. यल्लम्मा, एल्लम्मा, यल्लमा, रेणुका. प्रत्येक रूप वेगळं टाकून बघायचं.

शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात मराठी विभागांचे प्रबंध आहेत, आणि सरांचा संदर्भ असलाच तर तिथं असणार हे मला माहीत होतं. प्रबंध उघडला की डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसते. तीच ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिखल. युनिकोडच्या आधीचे जे फाँट होते, त्यांत मराठी अक्षराचा नुसता आकार रोमन अक्षराच्या जागी बसवलेला असे. संगणकाच्या लेखी ते मराठी नव्हेच. काही प्रबंध तर कागदाचे फोटो. म्हणजे सरांचं नाव त्या पानावर छापलेलं आहे, पान जगासाठी खुलं आहे, पण कुठल्याही यंत्राला ते वाचता येत नाही. 'मराठी संशोधनाला कुणी विचारत नाही' या तक्रारीत या फाँटांचा केवढा वाटा असेल, यावर कुणी प्रबंध लिहायला हवा. अर्थात युनिकोडमध्ये.

याच सुमारास माझे दीर जेवायला आले होते. ते बेळगाव कोर्टात वकिली करतात. मी काय शोधतेय ते ऐकून म्हणाले, "वहिनी, आमचं रोजचंच काम हे. एखादा निकाल कोर्टापुढं ठेवायचा तर आधी बघावं लागतं, पुढच्या कुठल्या निकालात त्याचं नाव आलंय का. आणि आलंय तर कशासाठी आलंय."

भाऊजींना माहीत नव्हतं, पण त्यांनी या विषयाच्या नेमक्या मुळावरच बोट ठेवलं होतं. सायटेशन इंडेक्स जन्मला तो वकिलांसाठीच. १८७३ मध्ये अमेरिकेत इलिनॉयमधल्या फ्रँक शेपर्ड यांनी डिंक लावलेल्या चिठ्ठ्या छापायला घेतल्या. वकिलाने आपल्या पुस्तकातल्या निकालाशेजारी चिठ्ठी चिकटवायची: या निकालाचा उल्लेख पुढे अमुक निकालात आला आहे. पुढे त्याची पुस्तकं झाली आणि त्यांत खुणा आल्या. नंतरच्या कोर्टाने निकाल मानला, वेगळा काढला, त्यावर टीका केली की तो उलटवला, हे खुणेवरून कळे. वकिलाला गरज त्या खुणेची. उलटलेला निकाल शंभर ठिकाणी उल्लेखलेला असला तरी तो घेऊन न्यायाधीशांपुढं उभं राहता येत नाही.

युजीन गारफिल्ड यांनी हीच कल्पना विज्ञानाकडे आणली. १९५५ मध्ये 'सायन्स'मध्ये त्यांचा लेख आला आणि १९६४ मध्ये फिलाडेल्फियाहून सायन्स सायटेशन इंडेक्स निघाला. ग्रंथालयशास्त्र शिकताना हा लेख आम्हाला परीक्षेपुरता होता. या निमित्ताने तो नीट वाचला. त्यातला एक मुद्दा आजच्या गुणांकाच्या धामधुमीत कुणी आठवत नाही. चुकीच्या किंवा जुन्या पडलेल्या लेखाचा लोक डोळे मिटून संदर्भ देत राहतात, ते थांबावं, एखाद्या लेखावर पुढे काय टीका झाली हे अभ्यासकाला कळावं, हा त्यांचा एक हेतू होता. माणसाला नोकरीत वर चढवायचं की नाही हे ठरवण्याचा विषयच तिथं नाही.

पण शेपर्डकडून घेताना खुणा गळल्या. शास्त्राच्या लाखो तळटीपा कोण वाचत बसणार आणि ही मान्यता, ही टीका असं कोण लिहिणार? म्हणून मानलेला लेख, खोडलेला लेख आणि नुसतं नाव घेऊन सोडलेला लेख, सगळे एकेक गुण घेऊन रांगेत उभे राहिले. १९७५ पासून जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये इम्पॅक्ट फॅक्टर छापून येऊ लागला. नियतकालिकात मागच्या दोन वर्षांत आलेल्या लेखांना या वर्षी सरासरी किती संदर्भ मिळाले, त्याचा तो आकडा. २००५ मध्ये होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स काढला. दहा लेखांना प्रत्येकी किमान दहा संदर्भ असले तर तुमचा एच दहा. गंमत म्हणजे कला आणि मानव्यविद्यांच्या निर्देशिकेतल्या नियतकालिकांना २०२३ पर्यंत इम्पॅक्ट फॅक्टर दिलाच जात नव्हता. आणि आमच्याकडे २०१८च्या नियमावलीत तो सगळ्यांना एकाच तक्त्यात.

ही मोजणी मला सरांच्या लिखाणापुरती खुणांसकट करून बघायची होती. मी कार्यालयातून एक लांबट रजिस्टर आणलं आणि पाच रकाने आखले. कुणी लिहिलं, कुठं, कोणत्या पानावर, सरांच्या कोणत्या लेखाबद्दल. पाचवा रकाना भाऊजींच्या बोलण्यावरून: कशासाठी.

काम तसं कंटाळवाणं. आमच्याकडच्या बांधीव अंकांपासून सुरुवात केली, मग बेळगावचं सार्वजनिक वाचनालय, १८४८ पासूनचं. मग कोल्हापूर. सीमाभागातली बरीच मुलं पीएचडीला शिवाजी विद्यापीठात जातात, त्यामुळे तिथल्या खर्डेकर ग्रंथालयात प्रबंधांच्या संदर्भयाद्या बघणं भागच होतं. एम.ए.ची एक विद्यार्थिनी मदतीला होती. ती मोबाईलवर फोटो काढायची, मी घरी बसून वाचायचे. कडोली आणि उचगावच्या साहित्य संमेलनांच्या स्मरणिकाही घेतल्या. स्मरणिका कुठल्याच इंडेक्समध्ये येत नाहीत, पण या भागातल्या ओव्यांवर लिहिलेलं बरंच काही त्यांतच आहे. धारवाडचे कानडी प्रबंध आमच्या कन्नड विभागातल्या सरांनी बघितले. त्यांनी आपणहून अंगावर घेतलं नसतं तर मी तो भाग सोडून दिला असता, कारण मला कानडी बोलता येतं, प्रबंधातलं वाचताना दमछाक होते.

रजिस्टर भरायला लागलं तसतसं पाचव्या रकान्यात काय काय यायला लागलं, ते सांगते.

सगळ्यात जास्त होते ते नुसते नाव घेणारे. प्रबंधाच्या शेवटी संदर्भग्रंथांत सरांचं पुस्तक आहे, आत कुठल्याच पानावर त्याचा मागमूस नाही. यादी भरगच्च दिसावी म्हणून घातलेलं. एका प्रबंधात सरांच्या लेखाचं वर्ष चुकीचं पडलं होतं. त्यानंतरच्या प्रबंधांत तेच चुकीचं वर्ष, त्याच क्रमाने, शेजारच्या त्याच पुस्तकांसकट. मूळ अंक कुणी हातात धरलेला नाही, यादीवरून यादी उतरवलेली. हे फक्त आपल्याकडचं आहे असं नाही. सिमकिन आणि रॉयचौधुरी या अमेरिकेतल्या दोघांनी भौतिकशास्त्रातल्या अशाच उतरवलेल्या छपाईच्या चुका मोजून २००३ मध्ये अंदाज मांडला होता, की संदर्भ देणाऱ्यांपैकी साधारण वीस टक्केच लोक मूळ लेख वाचतात. तो अंदाज वाचून मला आमच्या मुलांचा राग येईनासा झाला.

दुसरा गट देवाणघेवाणीचा. पाच-सहा जणांचं एक वर्तुळ, एकमेकांच्या संपादित पुस्तकांत एकमेकांचे लेख आणि प्रत्येक लेखाखाली बाकीच्यांची नावं. लग्नातल्या आहेराच्या वहीसारखं, त्यांनी आपल्याला काय घातलं ते बघून आपण घालायचं. सर यांपैकी दोन पुस्तकांत आहेत. त्यांना दाखवलं तर म्हणाले, "मला लेख मागितला, मी दिला. खाली कुणाची नावं घातली ते मी कुठं बघू?" मी ते संदर्भ रजिस्टरमध्ये ठेवले आणि पाचव्या रकान्यात 'आपापसांत' लिहिलं. गूगल स्कॉलरला ते सापडले असते तर इतरांइतकेच मोजले गेले असते.

तिसरा गट वाचताना मात्र हात थांबला. 'एका अभ्यासकाच्या मते', 'जाणकार सांगतात', 'असे म्हटले जाते'. आणि पुढे सरांचं वाक्य, कधी शब्द बदलून, कधी जसंच्या तसं. रविवारच्या पुरवण्यांत, स्मरणिकांत, एका क्रमिक पुस्तकाच्या प्रस्तावनेत. चौंडक्याच्या गाण्यात भाषा कुठं बदलते, तर देवीला हाक मारताना कानडी आणि आपलं दुःख सांगताना मराठी, हे सरांचं निरीक्षण आता या भागात सगळ्यांचंच झालंय. व्याख्यानांत मी ते ऐकलंय. बोलणाऱ्याला ते कुणाचं आहे हे माहीतही नसतं. एका अर्थी याहून मोठा प्रभाव तो कोणता? पण याला मोजायचं कसं, आणि मोजायचं नसेल तर समितीला सांगायचं कसं?

इथं मला इंडेक्सवाल्या कंपन्यांपेक्षा आपल्या लोकांचा जास्त राग आला. मराठीची दखल घेतली जात नाही म्हणून आपण सभांत ओरडतो आणि लेख लिहिताना शेजारच्या गावातल्या माणसाचं नाव घालायला आपल्याला जड जातं. परदेशी विचारवंत असला तर पानासकट संदर्भ, आणि खानापूरचा मास्तर असला तर 'एका अभ्यासकाच्या मते'. उद्या सगळी मराठी नियतकालिकं युनिकोडमध्ये आली, प्रत्येक लेखाला डीओआय, म्हणजे कायमचा ऑनलाइन क्रमांक, मिळाला, तरी जी तळटीप लिहिलीच नाही ती कुठलं यंत्र वाचणार? २०१७ पासून खुल्या संदर्भांची चळवळ चालू आहे, २०२२ पासून ओपनअ‍ॅलेक्ससारखा फुकट डेटाबेस आहे. दरवाजा आता पूर्वीइतका बंद राहिलेला नाही. आत न्यायला आपल्याकडे काय आहे, हा प्रश्न आहे.

आणि मग कन्नडच्या सरांनी धारवाडचा एक प्रबंध आणला. त्यात पूर्ण चार पानं सरांच्या त्या निरीक्षणावर खर्ची घातली होती, आणि ते चूक आहे असं दाखवलं होतं. गाणारी कुठल्या गावची यावर भाषा ठरते, भावनेवर नाही; सरांनी घेतलेली गाणी मुख्यतः मलप्रभा नदीच्या अलीकडची आहेत, पलीकडं ऐकलं तर उलटं सापडतं, असा युक्तिवाद. सोबत गाण्यांची उदाहरणं, सरांच्या लेखाचे पानागणिक संदर्भ. कन्नडचे सर ओळ ओळ वाचून मराठीत सांगत होते. सर आधी गप्प बसले. मग म्हणाले, "थांबा, ते तिसरं गाणं परत वाचा." नंतर तासभर दोघं त्या गाण्यावर भांडत होते, मराठीत आणि कानडीत आलटून पालटून, आणि माझी लायब्ररी बंद करायची वेळ टळून गेली.

या भागाला हे नवीन नाही. सौंदत्तीकडच्या गुर्लहोसूरचे शं. बा. जोशी आयुष्यभर कन्नडमध्ये लिहीत राहिले आणि मराठी संस्कृतीच्या मुळांबद्दलचं पुस्तक त्यांनी मराठीत लिहिलं. इथला वाद दोन्ही भाषांत मिळून चालतो. कानडी प्रबंधाची तळटीप मराठी लेखाकडे बोट दाखवते, पण दोन्हीकडचं वाचून हा दुवा जोडणारी निर्देशिका माझ्या बघण्यात नाही. मी तो रजिस्टरमध्ये लिहिला: 'खंडन, सविस्तर.' माझ्या मते सगळ्या रजिस्टरमधली सगळ्यात मोलाची नोंद हीच. नुसती संख्या काढली तर तिलाही एकच गुण, आणि यादी भरगच्च दिसावी म्हणून घातलेल्या नावालाही एकच.

हे सगळं मी स्टाफरूममध्ये तावातावाने सांगत होते, तेव्हा केमिस्ट्रीच्या मॅडमनी मला अडवलं. "तुमचं सगळं बरोबर असेल, खरं आमच्याकडं आकडा आला म्हणून माझ्यासारखीचं निभावलं. माझे गाईड कोणी मोठे नव्हते. समितीत ओळख नव्हती. माझे लेख कुठं छापलेत आणि किती जणांनी वापरलेत ते समोर दिसत होतं, म्हणून कुणाला नाकारता आलं नाही. तुमच्या मराठीत कोण कुणाचा शिष्य यावरच ठरत होतं की नाही? सांगा." मी काय सांगणार. ठरत होतंच. माझ्या पाचव्या रकान्यातही कुणीतरी बसून 'खंडन' की 'नाममात्र' हे ठरवतं, आणि तो कुणीतरी कुणाचा तरी माणूस असू शकतो. मॅडमचा मुद्दा मी खोडू शकले नाही. एवढंच म्हटलं, की केमिस्ट्रीच्या तळटीपा तो डेटाबेस वाचतो तरी. आमच्या वाचतच नाही आणि तरी शून्य म्हणून सांगतो.

जगात यावर बोलणं झालेलं आहे. २०१३च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने म्हटलं, की माणसाचं काम जोखायला नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नका. २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये लायडन मॅनिफेस्टो आला, त्यातलं तिसरं तत्त्व स्थानिक महत्त्वाचं संशोधन जपण्याबद्दल आहे. त्यात स्पेनचं उदाहरण दिलंय. इंग्रजी नियतकालिकांच्या मागे लागलं की स्पेनचे कामगार कायदे, घरातल्या म्हाताऱ्यांची देखभाल असे विषय मागे पडतात. मी त्याची प्रिंट काढून फाईलला जोडली. ती कुणी वाचली असेल असं वाटत नाही.

शोधनिबंधांच्या गुणांची कटकट वेगळीच. कुठला लेख कुठल्या काळातल्या यादीत बसतो, हे लावता लावता जीव मेटाकुटीला आला. २०१७ मध्ये युजीसीची मान्यताप्राप्त यादी आली, त्यात हजारो संशयास्पद नियतकालिकं घुसली. मे २०१८ मध्ये ४,३०५ एकदम काढून टाकली. पुणे विद्यापीठात भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेली नियतकालिकं तपासली, तर अठ्ठ्याऐंशी टक्क्यांहून जास्त दर्जात कच्ची निघाली. मग २०१९ मध्ये युजीसीचीच नवी, केअर यादी. तिच्यात स्कोपस आणि वेब ऑफ सायन्सचा एक गट आणि आपल्याकडे तपासून घेतलेल्यांचा दुसरा, म्हणजे मराठी नियतकालिकाला निदान एक दार होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली, आता निकष देऊन ठेवलेत आणि संस्थांनीच ठरवायचं. तेव्हापासून माझ्या फोनवर 'मराठी शोधनिबंध स्वीकारले जातील, इम्पॅक्ट फॅक्टर आठच्या वर, दोन दिवसांत प्रकाशन' हे मेसेज काही थांबलेले नाहीत. सरांचे लेख या सगळ्या यादीनाट्याच्या आधीचे आणि चांगल्या ठिकाणचे, म्हणून त्यांचं निभावलं.

रकान्यात शेवटी मी काय लिहिलं? 'सोबत जोडपत्र पाहावे.' जोडपत्र म्हणजे रजिस्टरची झेरॉक्स आणि वर एक पानाचं टिपण: कुठं शोधलं, कुठं शोधता आलं नाही, कोणत्या नोंदी मी धरल्या आणि का. एच-इंडेक्सच्या जागी लिहिलं, 'या लेखनाला लागू करण्याजोगा आधार उपलब्ध नाही.' फाईल परत आली. पेन्सिलीने समासात लिहिलेलं: 'आकडा?' आमचे हेडक्लार्क अण्णा म्हणाले, "मॅडम, एक नंबर टाका की. ते लोक नंबर बघून पुढं जातात." मी रजिस्टरमधल्या नोंदी गटवार मोजून पाच आकडे टाकले: सविस्तर चर्चा, खंडन, आधार म्हणून वापर, नाममात्र, आपापसांत. बेरीज केली नाही. अण्णांनी बेरजेसाठी कॅल्क्युलेटर पुढं केला होता, तो मी परत दिला.

मुलाखतीच्या दिवशी समितीत बाहेरून आलेले कन्नडचे एक प्राध्यापक होते. सर सांगत होते, त्यांनी जोडपत्र उघडून थेट 'खंडन'वर बोट ठेवलं आणि विचारलं, "याला तुम्ही उत्तर दिलंत का?" सरांनी सांगितलं, अजून नाही, मलप्रभेपलीकडची गाणी आधी ऐकायची आहेत. बाकीची मुलाखत त्यावरच झाली. पदोन्नती मिळाली ती निबंधांच्या आणि पुस्तकाच्या गुणांवर, जोडपत्राचा त्यात वाटा किती हे मला कळायला मार्ग नाही. पुढच्या वर्षीच्या नमुन्यातही तो रकाना तसाच आहे.

रजिस्टर मात्र बंद झालेलं नाही. विद्यार्थिनीने ते युनिकोडमध्ये टंकून शीट केलंय, आणि कन्नडच्या सरांनी त्यांच्या बाजूच्या दोन जुन्या लेखकांसाठी तसंच सुरू केलंय. एक सहावा रकाना आम्ही वाढवला: 'नाव न घेता.' त्यात पुरावा काय मानायचा यावर आमचं अजून जुळत नाही. त्यांचं म्हणणं, सलग तीन वाक्यं जुळली तरच नोंद करायची. मी म्हणते, ओवीतला एक पाठभेद जुळला तरी पुरे, कारण खानापूरकडच्या ज्या आजींकडून सरांनी ती ओवी घेतली, त्या एकट्याच ती ओळ तशी म्हणायच्या.